सकाळी सहाचं काम

ती जवळा बाजारच्या कापूस व्यापाऱ्याची लेक, मी कुरुंद्याच्या शेतमजुराची. औरंगाबादला दोघींनी एकत्रच गणितात एम.एस्सी. केलं आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरीलाही एकदमच लागलो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. संस्थेत युनिक्स या प्रणालीवर चालणारा एकच कॉम्प्युटर होता. त्याचा सुपरयूजरचा पासवर्ड, म्हणजे कुणाचीही फाईल उघडायची मुभा, साहेबांनी तिला दिला. मला नाही. तेव्हापासून तिची वेणी, तिचं हसणं, सगळंच मला खुपायला लागलं.

त्यात माझं काम अडलं. मराठवाड्यातल्या पावसाच्या आकड्यांचा रोजचा अहवाल करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. हातानं चालवला की व्यवस्थित चालायचा. रोज सकाळी सहाला तो आपोआप चालायचा, तर मशीनच्या वेळापत्रकात टाकायला हवा. तेही तिच्याच हातात. तिनं टाकला. पण ऑफिसात जाऊन बघावं तर अहवाल जुनाच. काय बिघडलं ते मशीन सांगत नव्हतं. हिनंच काहीतरी करून ठेवलंय, असं मी धरून चालले आणि तिला विचारलंही नाही.

दिवाळीच्या सुटीत गावाकडं जाताना तिनं मला आग्रहानं तिच्या घरी उतरवलं. जेवताना तिचे अब्बा आल्यागेल्याला सांगत होते, "आमच्या पोरीनं हुकूम दिला तरच ते मशीन चालतंय." मी ताटातला भात नुसता चिवडत होते.

"तू काहून गप गप हायेस?" तिनं विचारलं.

"माझं सकाळचं काम तू बंद पाडलंस का?"

मग तिनं नीट सगळं विचारून घेतलं.

"अगं, हातानं चालवती तवा ते तुझ्या नावानं चालतंय. सकाळी मशीन दुसऱ्याच नावानं चालवतं. त्या नावाला तुझ्या अहवालाच्या फायलीत लिहायची परवानगी न्हाई."

"मग तुझ्या पासवर्डनं दे."

"माझा कशाला? फाईल तुझी हाय. परवानगी तूच देऊ शकतीस."

मुंबईला परतल्यावर मी फाईलची परवानगी बदलली. दुसऱ्या दिवशी ताजा अहवाल तयार होता. साहेबांनी तिला शाबासकी दिली, तर ती म्हणाली, "मी काही केलं नाही. तिनंच दुरुस्त केलं." इतक्या सहज म्हणाली की मी दिवसभर धुमसत राहिले. तिच्या जागी मी असते, तर असं बोलले असते का, कुणास ठाऊक.

पुढं तिला हैदराबादच्या एका संस्थेतून बोलावणं आलं आणि इथला पासवर्ड माझ्याकडं आला. मी खूश व्हायला हवं होतं. पण तिला निरोप देऊन आले आणि खुर्चीत बसून विचार करत राहिले, तिथलं मशीन केवढं असेल?