साडेचार फुटांचं दार

त्या शाळेचे फोटो अजून कुणी ना कुणी मला पाठवतं. "तुमचंच ना हे काम?" असं विचारतं. मी हो म्हणते आणि विषय बदलते. लोकांना वाटतं, बाई विनयशील आहे. विनय कसला, मला ते फोटो बघवत नाहीत.

आष्टीकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेला निवासी शाळा बांधायची होती. आईबाप ऊस तोडायला गेले की मागं पोरांना ठेवायचं कुठं, हा आमच्याकडं दर दसऱ्याला उभा राहणारा प्रश्न. मग पोरंही भांड्याकुंड्यांसोबत ट्रकमध्ये चढतात आणि शाळा सुटते. माझे आईवडील तोडीला जायचे. धाकटा भाऊ आणि भावजय अजून जात होते. मी तेवढी सातव्या वर्षी चुलतीकडं राहिले, शिकले, पुण्याला जाऊन आर्किटेक्ट झाले. भावाची मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळा दसऱ्याच्या आत उभी राहिली तर त्या वर्षी ती ट्रकमध्ये चढणार नव्हती. मला बाकी कशाचं सोयरसुतक नव्हतं.

सलग दुसरं दुष्काळी वर्ष होतं. टँकरचं पाणी प्यायला पुरेना, तिथं स्लॅबवर मारायला कुठून आणणार? मी काँक्रीटला फाटा दिला. आणि मला कोपी आठवली. तोडकरी कारखान्याच्या तळावर बांबू वाकवतात, वर उसाचं पाचट टाकतात आणि सहा महिने राहतात, ती कोपी. भर दुपारी आत गार असायची. पाचटातून झिरपणारा उजेड, त्याचा गोडसर वास. माझ्या लहानपणातली सगळ्यात सुंदर जागा तीच.

मी वर्ग तसेच काढले. खाली कोरडे रचलेले दगड, वर बांबूच्या कमानी, त्यावर गवताची जाड शाकारणी. मधले जुने कडुलिंब जिथल्या तिथं ठेवले. पश्चिमेच्या झळा आत शिरू नयेत म्हणून दारं ठेंगणी, साडेचार फुटांची. लहान पोरं सरळ जातील, मोठी माणसं जरा वाकतील. कारखान्याच्या चेअरमनना हे फार आवडलं. "विद्येच्या दारात माणसानं नमूनच यावं," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि स्वतः मात्र पोट सांभाळत बाहेरूनच बघायचे. पुण्याहून लोक बघायला आले, एका मासिकात छापून आलं. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आम्ही तोडीला निघणाऱ्या बायकांना शाळा दाखवायला बोलावलं. माझी आई आणि भावजयही आल्या. भाचीची पत्र्याची पेटी भावजयीनं डोक्यावर आणली होती. बायका फाटकातून आत आल्या आणि लिंबाखालीच थांबल्या. मला वाटलं, भारावल्या. मी एका वर्गाच्या दारात उभी राहून लग्नघरच्या यजमानिणीसारखी "या ना आत, या ना" करत राहिले. शेवटी एकजण पदर तोंडाला लावून म्हणाली, "ही तर कोपीच हाय की."

भावजयीनं पेटी खाली ठेवलीच नाही. ती माझ्याशी कधी मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"वन्सं, कोपीतच ठिवायची तर आमच्याजवळ काय वाईट हाय? तितं तिची माय तरी हाय."

मी चिडले. गारवा, वारा, बांबू किती वर्षं टिकतो, काय काय सांगत सुटले. पुण्याच्या लोकांना कळतं ते तुम्हाला कळत नाही, असंसुद्धा बोलले. ते वाक्य मला आजही झोंबतं. भाची आळीपाळीनं आमच्या तोंडांकडं बघत होती. भावजयीनं तिचा हात धरला आणि चालू लागली. मग बाकीच्याही निघाल्या.

"तू तरी तिला थांबवायचं होतंस," मी आईला म्हणाले.

"कावून थांबवू?" आई म्हणाली. "तू कोपीत व्हतीस तवा एवढीशी व्हतीस. तुला कुठं वाकाया लागायचं? आमी वाकलोय, बाई. दिसभर फडात वाकायचं, अन् सांजंला घरात शिराया बी वाकायचं. पोरीनं बी तेच शिकावं व्हय?"

कोपीतलं माझं सगळं राहणं सात वर्षांच्या आतलं. आईची कंबर मी रोज दाबून द्यायचे. ती एवढी का दुखते हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि म्हणे माझ्या आठवणीतून शाळा बांधली.

भाची ट्रकमध्ये गेली. दुसऱ्या वर्षी मी संस्थेच्या हातापाया पडून दारं फोडायला लावली, सात फुटांची केली. दर्शनी भिंतीला गिलावा केला, पांढरा रंग दिला. बायका पोरांना ठेवू लागल्या. आता उन्हाळ्यात झळा आत येतात आणि पोरं वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसतात, पण बसतात. भाचीला तोवर धाकटा भाऊ झाला होता आणि त्याला कोपीवर सांभाळायला कुणीतरी लागत होतं. ती शाळेत परत आलीच नाही. लवकर लग्न झालं. अक्षता टाकताना मला रडू आवरेना. बायकांना वाटलं, आत्याची माया. तिची शाळा दुष्काळानं घेतली नाही, कारखान्यानंही नाही. ती मी घालवली.

मागच्या दसऱ्याला ती शाळेत आली, कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन. नवऱ्यासोबत तीही आता तोडीला जाते. वर्गात डोकावली, भिंतीवरून हात फिरवला.

"आत्या, हितं कितव्या वर्षी घेतेत?"

"सहाव्या."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हंजी आजून चार हंगाम," म्हणाली. तेवढ्यात फाटकाबाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, तशी पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती पळत गेली.