शिसपेन्सिलीच्या नोंदी

आमच्या शेंद्र्याच्या शाळेत टाचण म्हणजे सोमवारी मुख्याध्यापकांची सही घ्यायची वही. आठवडाभर काय शिकवणार ते लिहायचं आणि विसरून जायचं. मी तरी वीस वर्षं तेच केलं. विशाखा खरात मॅडम मात्र शनिवारी शाळा सुटली की दोन-दोन तास वही घेऊन बसायच्या. नववीचा इतिहास आणि इंग्रजी त्यांच्याकडे. इतिहासात उद्योगधंद्यांचा धडा आला की त्याच आठवड्यात इंग्रजीत कंपनीतल्या माणसावर लिहायला लावायच्या. धडा शाईनं, आणि शेजारी शिसपेन्सिलीनं पोरांच्या नोंदी. कुणाला फळा दिसत नाही, कोण उपाशी येतं. मी म्हणायचो, मॅडम, एवढं कशाला करता राव, पगार तर तेवढाच. त्या नुसत्या हसायच्या.

गेल्या डिसेंबरात त्या आठवडाभर रजेवर गेल्या आणि त्यांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. वही देताना म्हणाल्या, "सर, शाईचं नाही वाचलं तरी चालेल. पेन्सिलीचं तेवढं वाचा." मी नेमकं उलटं केलं. शाईचं माझ्या वहीत उतरवलं, सही घेतली आणि मोकळा झालो.

गुरुवारी इंग्रजीत वडिलांना पत्र लिहायचं होतं, त्यांच्या कामाची चौकशी करणारं. निम्म्या पोरांचे बाप वाळूजला, नाहीतर इथंच कंपनीत. मोनाली उठून हळूच म्हणाली, मामाला लिहू का? मी खेकसलो, वडिलांना म्हटलंय तर वडिलांनाच. वर वाचायलाही पहिल्यांदा तिलाच उभं केलं. पाकिटावरच्या पत्त्यापासून वाच म्हणालो. तिनं वाचलं, सेंट्रल जेल, हर्सूल. मला वाटलं, पोरगी माझी थट्टा करतेय.

"मोठ्यानं वाच," मी म्हणालो, "सगळ्यांना ऐकू दे."

तिनं मोठ्यानं वाचलं. मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. तिचे डोळे भरलेले दिसले, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

स्टाफरूममध्ये येऊन मॅडमची वही उघडली. गुरुवारच्या धड्याशेजारी लिहिलं होतं: मोनालीला मामाला लिहू द्यावं, वडील आत आहेत, वर्गात कुणालाच माहीत नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

मोनाली दोन दिवस शाळेत आली नाही. सोमवारी मॅडम रजेवरून आल्या, त्यांना मी सगळं सांगितलं. त्या सरळ तिच्या घरी गेल्या आणि तिला समजावून घेऊन आल्या. मी व्हरांड्यात तिच्यापुढं हात जोडले, चुकलो म्हणालो.

"जाऊ द्या सर," ती म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं?"

मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

"नाय ना, पोरी," मी म्हणालो, "मला कुणी सांगितलंच नव्हतं."