माझ्यासाठी लावलेलं शटर

मंडळी, आज सकाळी चाकणच्या एका कंपनीत गेले होते. मशीनवरचे पार्ट मापात बसत नाहीत, म्हणून त्यांनी मला सल्लागार म्हणून बोलावलं होतं.

दोन तास मशीनपाशी नुसती बघत उभी राहिले, तर एकही पार्ट बिघडला नाही! मॅनेजरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी ऑपरेटरला विचारलं, "भाऊ, आज वेगळं काय केलंत?"

"मॅडम, तुम्ही येणार म्हणून सगळं झाडून घेतलं, शटर लावलं. एरवी ट्रक भरायला उघडंच असतं."

"मग उघडा की!"

अर्ध्या तासात माप चुकायला लागलं. सकाळचा गार वारा थेट मशीनवर येत होता, आणि गारठ्यानं धातू आकसला की माप हलतं.

डॉक्टर असो, वकील असो की माझ्यासारखी, आम्हाला बोलावून पसारा लपवू नका राव.

खरं सांगा, डॉक्टरकडे निघताना तापाची गोळी घेऊन कोण कोण जातं?