ल्विव्हच्या गाडीत राहिलेली साखळी

आमच्या घरात रेल्वेचा एकच नियम: आधी बॅग बांधायची, मग बूड टेकायचं. अकोल्याच्या गाडीत कधीकाळी बाबांची पेटी चोरीला गेली, तेव्हापासून त्यांचा झोपलेल्या माणसावर विश्वास नाही. मी डॉक्टर व्हायला युक्रेनला निघाले, तेव्हा आईनं जवसाची चटणी दिली आणि बाबांनी वाशीमच्या बाजारातून साखळी-कुलूप आणलं. साखळी अशी, की म्हैस बांधली असती.

"पासपोर्ट बॅगेत, बॅग साखळीत, चावी गळ्यात," ते म्हणाले. "पासपोर्ट गेला त तिथंच अडकशील, माय. मी कुठून आणू तुले?"

कीवमध्ये शिकत असताना एका पानगळीत मी आणि माझी रूममेट रातच्या गाडीनं ल्विव्हला निघालो. जुनं शहर, दगडी रस्ते, ट्राम; शनिवार-रविवार फिरायचं आणि परत यायचं. रूममेट कारंज्याची, स्वभावानं निवांत. माझ्या अंगात मात्र भिंगरी. गाडी सुटायच्या आधीच मी बॅगेच्या मुठीतून साखळी ओवून ती टेबलाच्या लोखंडी दांड्याला बांधली. बॅगेच्या चेनलाही छोटं कुलूप घातलं. समोरच्या आजीबाई वाकून टेबलाखाली बघायला लागल्या. मग हातवारे करून त्यांनी विचारलं, कुत्रं कुठंय?

रूममेट पोट धरून हसली. मी नाही हसले. सगळा डबा घोरत होता आणि माझा डोळ्याला डोळा लागेना. गाडी थांबली की मी वरच्या बर्थवरून मान खाली घालून बॅग बघायची. चावी गळ्याला टोचायला लागली म्हणून खिशात टाकली. खिशातून पडेल म्हणून उशीच्या अभ्र्यात घातली. मग कुठं जरा डुलकी लागली.

तिथं प्रत्येक डब्याला एक बाई असते. ती चहा देते, चादरी देते, आणि तुमचं स्टेशन आलं की तुम्हाला उठवते. उतरण्याआधी चादर, अभ्रा सगळं तिला परत द्यायचं. मी शहाण्या मुलीसारखं दिलं. परत येऊन बॅगेशी वाकले, गळ्याशी हात नेला, तर चावी नाही; ती अभ्र्यातच गेली होती. अति तिथं माती म्हणतात ते काही खोटं नाही.

गाडी ल्विव्हला टेकली होती. ती पुढं सरहद्दीकडं जाणार होती, माझ्या पासपोर्टसकट. मी बाईकडं धावले. तिच्या खोलीत अभ्र्यांचा ढीग छातीपर्यंत. तिच्या भाषेतले मला येत होते ते सगळे शब्द मी एका दमात सांगितले: चावी, उशी, पासपोर्ट, बाबा. इकडं रूममेट साखळीशी झोंबत होती.

"तुटून नाई राह्यली वो! काय लोखंड हाये का काय हाये!"

"बाबांनी आणली हाये. नाई तुटणार," मी रडत म्हणाले. तशातही मला त्या साखळीचा अभिमान वाटला, हे आठवलं की अजून हसू येतं.

बाई आली. तिनं साखळी पाहिली, कुलूप पाहिलं, मग पाव कापायची सुरी आणली आणि बॅगेची मूठच कापली. साखळीला हातसुद्धा लावला नाही. बॅग माझ्या हातात कोंबून तिनं आम्हाला खाली ढकललं. साखळी, कुलूप आणि चावी, तिन्ही एकाच गाडीनं पुढं गेली.

थोड्या वेळानं बाबांचा फोन आला. "बॅग हाये ना?"

"हाये. साखळी गेली."

"तुटली?"

"नाई. बॅगेची मूठ कापा लागली."

"मंग!" बाबा एकदम खूश.

दोन्ही दिवस मी ती बॅग लेकरासारखी कडेवर घेऊन फिरले. "तू शयर पाह्याले आली का बॅग सांभाळाले?" रूममेट चिडली. तिचं बरोबर होतं. चर्च, चौक, घड्याळाचा मनोरा यातलं मला धड काही आठवत नाही. बॅग आठवते.

त्याच हिवाळ्यात लढाई सुरू झाली. त्याच मार्गानं आम्ही पळालो. कीवच्या फलाटावर रेल्वेवाले ओरडून सांगत होते, माणसं घ्या, सामान नको. सुतळीची मूठ लावलेली ती बॅग मी फलाटावर सोडली. पासपोर्ट पोटाशी बांधला होता. तिथं कितीतरी बॅगा उभ्या होत्या आणि कुणी त्यांच्याकडं बघतही नव्हतं. फोन लागला तसे बाबा एवढंच विचारत राहिले, "चढली का गाडीत? चढली का?" ल्विव्ह आलं तेव्हा सगळे दिवे विझवलेले होते. ते शहर मला दुसऱ्यांदाही दिसलं नाही.

परवा मी परीक्षेसाठी हैदराबादला निघाले. वाशीम स्टेशनवर बाबा सोडायला आले. डब्यात चढल्याबरोबर मी सवयीनं नवी साखळी काढली आणि सीटखाली वाकले. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली.

"राहू दे. उतरा लागलं त झटकन उतरता आलं पायजे."

साखळी खिशात घालून ते खाली उतरले आणि गाडी हलेपर्यंत माझ्या खिडकीशी उभे राहिले. मला एवढंच वाटत होतं, की त्यांनी एकदा ओरडून विचारावं, बॅग बांधली का म्हणून.