गाण्यातलं माझं ‘वा!’
कांदा साठवायच्या बराखीत शिरलो आणि तो उग्र वास नाकात गेला, की मला इथं गाणं रेकॉर्ड करणारे ते दोघं आठवतात आणि पोटात दुखायला लागतं. त्यातला गिटारवाला माझा लहानपणीचा दोस्त. गावच्या भजनात तो पेटीवर आणि मी पखवाजावर, अशी आमची जोडी. मग तो अवसरीला इंजिनिअरिंगला गेला आणि तिथून लाकडी खोक्यावर बसून ते बडवणारा नवा जोडीदार घेऊन आला. रेकॉर्डिंगला शांत जागा हवी म्हणून आमची रिकामी बराख मागितली. फटीफटींच्या भिंतींना गोधड्याही मीच टांगल्या. “फंक म्हणत्यात याला, अमेरिकेतलं नाचायचं संगीत. पण आमचं निवांतवालं,” दोस्त म्हणाला. मी म्हटलं, “निवांत कसलं? झोप आली व्हय ह्या खोकेवाल्याला? ठोका मागं पडतोय की!” “तसाच पाडायचा असतो, राव. तू गप बस.” कौतुकाचा एक शब्द काढायचा नाही, असं ठरवूनच बसलो. पण मधेच त्या खोकेवाल्या पठ्ठ्यानं हात असा काही अलगद उचलला, की भजनातल्या सवयीनं माझ्या तोंडून खणखणीत “वा!” निघून गेलं. मी जीभ चावली. दोस्त हसला, “ऱ्हाऊ दे, कापायचं न्हाई.” गाणं तालुकाभर वाजलं, माझ्या “वा!”सकट. परवा त्यांचं पुण्यातल्या स्टुडिओतलं नवं गाणं आलं. बराखीत बसून ऐकलं. खोकं गोड वाजलंय लेकाचं. मधे तशीच जागा आली, मी तोंड उघडलं, तेवढ्यात गाण्यातूनच दुसरं कुणीतरी “वा!” म्हणालं. आणि तेही ठोक्याच्या मागून, उशिरा!