हळदीच्या पानातल्या अळ्या

नव्वदीच्या दशकात आम्ही बिरवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नवरा जवळच्याच एका कारखान्यात. मागच्या दारी मी हळद लावली होती, नागपंचमीच्या पातोळ्या उकडायला तिची पानं हवीत म्हणून. पोलादपूरच्या वर वाडीत राहणाऱ्या सासूबाई त्या वर्षी सणाला येणार होत्या. कारखान्यांजवळच्या मातीतलं त्या तोंडात घालत नसत. आधीच्या खेपेला माझी भेंडी त्यांनी ताटात तशीच ठेवली होती. या वेळी पातोळ्या खायला घालायच्याच, असं मी ठरवलं होतं.

पंचमीला चिरणं-कापणं नाही, म्हणून पानं आदल्या दिवशीच खुडायची. दुपारी बघते तर अर्ध्या पानांच्या सुरळ्या. आत हिरवट, काळ्या डोक्याच्या अळ्या. त्यांची पुढे तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची फुलपाखरं होतात. नीट उडतसुद्धा नाहीत, दगड भिरकावल्यासारखी इकडून तिकडे जातात. सुरळ्या उलगडून मी अळ्या डब्यात भरल्या. शेजारणीच्या कोंबड्यांची सोय झाली.

तेवढ्यात सासूबाई दारात. त्यांना आधीचीच गाडी मिळाली होती. डबा मी पदराआड घेतला.

"पातोळ्या तुमच्या तुम्ही खा," पिशवी ठेवता ठेवताच त्या म्हणाल्या. "मला दूधभात घाल. हितल्या मातीत औषधं मुरल्यात."

"आई, पानं तरी बघा."

त्या वाफ्याशी बसल्या. माझ्या नजरेतून सुटलेली एकच सुरळी त्यांना बरोबर सापडली. उलगडली, अळी तळहातावर घेतली. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

"अगो, ही तर जिती हाय!"

"असेल की."

"औषध असतं तर जगली असती काय? मग पान खायाजोगं हाय. पन येकच?"

मी लगेच डबा पुढे केला. "ह्या बघा! सतरा हायत!" घाईत मीही वाडीचंच बोलले.

त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे. "पंचमी उद्यावर आली नि तू जीव कोंडून ठेवतेस? सोड पयल्या जागी."

चांगली पानं खुडून झाल्यावर उरलेल्या फाटक्या पानांवर मी सतरा अळ्या एकेक करून परत ठेवल्या. त्या कमरेवर हात ठेवून मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार पातोळ्या खाल्ल्या. गूळ कमी पडला म्हणाल्या, आणि पाचवी घेतली.