त्या रविवारी हीटिंग चालू होतं

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी अंघोळ केली, देवापुढे निरांजन लावलं, आणि तासाभरात एका भल्या माणसाशी खोटं बोललो.

त्याचं नाव टेंडाई. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हॉस्पिटलात आम्ही दोघं स्टोअर्समध्ये होतो. एकच शिफ्ट. मी खोके लावायचो, तो ट्रॉली वॉर्डांत न्यायचा.
त्याच्या देशात तो वीस वर्षं भूगोलाचा मास्तर होता.

देश झिम्बाब्वे.

ब्रेकमध्ये मी डबा उघडला की तो सुरू व्हायचा.
"माय ब्रदर, आम्हाला समुद्र नाही. वर झांबेझी, खाली लिंपोपो, मध्ये आम्ही."

झांबेझीवर मोठा धबधबा आहे. इंग्रजांनी त्याला आपल्या राणीचं नाव दिलं. तिथल्या लोकांनी आधीच एक नाव ठेवलं होतं. गर्जणारा धूर.

शेकडो वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजांनी चुना न वापरता, नुसता दगडावर दगड रचून एक शहर बांधलं. देशाचं नाव त्यावरूनच. दगडी घर.
गोरे आले, त्या भिंती पाहिल्या आणि म्हणाले, हे काळ्यांचं काम नव्हे. बाहेरून कुणी येऊन बांधून गेलं असणार.
"आणि हे आम्हालाच शिकवायचे. आमच्याच शाळेत!" टेंडाई हसून सांगायचा.
मला हसू यायचं नाही.

१९८० साली स्वातंत्र्य मिळालं. मग आपल्याच माणसांनी खुर्ची सोडली नाही. सकाळी हातात पडलेल्या पगाराचा संध्याकाळपर्यंत कागद व्हायला लागला. मास्तरकी सोडून तो इथे आला.
"आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष आहे, पार्लमेंटची दोन सभागृहं आहेत, घटनेत सोळा भाषा आहेत. सोळा! खरं बोलायला त्यातली एकही चालत नाही."

आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत मी दर रविवारी शिकवतो. सुरुवातीला परिपाठ असतो, माझ्या गावच्या शाळेत व्हायचा तसाच. प्रार्थना, सुविचार, बातम्या, आणि शेवटी दहा मिनिटं सामान्यज्ञान.
टेंडाईला हे फार आवडलं.
"ती दहा मिनिटं एकदा मला दे. मी इंग्रजीत सांगतो, तू मराठीत सांग."
मी लगेच हो म्हणालो.

महिनाभर खपून त्याने एका पांढऱ्या चादरीवर नकाशा काढला. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी.

शनिवारी आमच्या अध्यक्षांचा फोन आला.
"अहो गुरुजी, पालक मुलांना मराठीसाठी पाठवतात. झिम्बाब्वे कशाला मध्येच?"
"दहाच मिनिटं आहेत. माणूस मास्तर आहे."
"मास्तर असेल हो. पण पालकांना ते… कळतंय ना तुम्हाला?"
"काय?"
"आता सगळं बोलूनच दाखवायचं का? गणपतीत खुर्च्या लावायला बोलावतोच की त्याला. तिथे कुणाची ना नाही."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी शाळा भरते त्या हॉलच्या किचनमधून टेंडाईला फोन केला.
"हॉलचं हीटिंग बंद पडलंय. आज शाळा रद्द."
"नो प्रॉब्लेम, माय ब्रदर. मुलं गारठायला नकोत. पुढच्या रविवारी."

भिंतीपलीकडे मुलं प्रार्थना म्हणत होती. मी आत जाऊन त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिलो.

पुढचा रविवार आला तरी मी विषय काढला नाही. त्यानेही नाही. त्याच आठवड्यात, ड्युटीवर यायला निघालेला असताना, तो बस स्टॉपवर कोसळला. हार्ट अटॅक.

मंडळाच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचं पोस्टर पडलं. फोटो गणपतीतला, दोन्ही काखांत खुर्च्या. खाली लिहिलेलं, 'साऊथ आफ्रिकेचे आमचे सहकारी मित्र'.
देशसुद्धा चुकीचा.
त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. पहिली अध्यक्षांची.
त्या रांगेत माझेही हात होते. अध्यक्षांची चीड आली होती, पण स्वतःचे ते दोन पिवळे हात पाहून जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

वर्षभर निरांजन लावताना हात थांबायचा. देवाला काय सांगणार? त्याने फोन ऐकलाच होता.

गेल्या महिन्यात टेंडाईच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, रूडोला, म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय. हीटिंग बंद नव्हतं."

ती म्हणाली, "ठाऊक आहे."

माझा फोन आला तेव्हा टेंडाई बसमधून उतरला होता. हॉलच्या समोर. खिडकीतून त्याला मुलं दिसत होती, आणि त्यांच्यापुढे उभा असलेला मीही. स्वेटर काढून, शर्टाच्या बाह्या वर केलेला.

"घरी आल्यावर काय म्हणाला?" मी कसंबसं विचारलं.
"म्हणाला, त्या बिचाऱ्यावर कुणीतरी दबाव आणला असेल. मग चादर घडी करून ठेवली."

ती आत गेली आणि चादर घेऊन आली. मी मागितली नव्हती, तरी तिने ती माझ्या मांडीवर ठेवली.

आज रविवार. सकाळी कुणालाही न विचारता मी ती चादर हॉलच्या भिंतीवर टांगली. रूडोला पहिल्या रांगेत बसवलं. परिपाठात सामान्यज्ञानाची वेळ आली तेव्हा अध्यक्ष मागून म्हणाले, "गुरुजी, हे काय आता?"
"तास आहे. बसा."

झांबेझी दाखवली, लिंपोपो दाखवली. दगडी शहर कुणी बांधलं ते सांगितलं, आणि कुणी नाकारलं तेही. दहाची पंचवीस मिनिटं झाली. एका मुलीने विचारलं, "सर, हा मॅप कोणी काढला?"

मग मी नाव सांगितलं. हा तास वर्षापूर्वी व्हायचा होता हे सांगितलं. तो का झाला नाही, कोण खोटं बोललं, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं मराठीत सांगितलं आणि रूडोसाठी पुन्हा इंग्रजीत.



टेंडाई सर, हयातीत तुम्हाला एकदाही सर म्हटलं नाही.
तुमचा तास आज झाला.
नमस्कार.